इंकस्केपमध्ये आकृती उलटी होते तेव्हा दोष कसा शोधावा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस नाशिकमध्ये ढोल पथकांच्या टी-शर्टांचे काम जोरात असते. मागील वर्षी अशाच एका कामात पथकाचे नाव कापडावर आरशातल्यासारखे उमटले आणि आठ टी-शर्ट वाया गेले. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती उलटी दिसली की आपला हात आपोआप पुन्हा फ्लिपच्या, म्हणजे आकृती उलटवण्याच्या, बटणाकडे जातो, पण नेमके काय उलटले आहे हे कळण्याआधी ते बटण दाबू नये, कारण त्यामुळे मूळ चूक झाकली जाते आणि पुढे भलत्याच ठिकाणी उघडी पडते.

सर्वप्रथम उलटण्याचा प्रकार ओळखावा. त्यासाठी देवनागरीतला ‘ग’ फार उपयोगी पडतो. शिरोरेषा वर आहे पण काना डावीकडे गेला आहे, तर आकृती आडवी उलटली आहे. शिरोरेषा खाली आणि काना उजवीकडेच असेल, तर ती उभी उलटली आहे. शिरोरेषा खाली आणि काना डावीकडे, असे असेल तर मात्र ती आरशातली आकृती नसून १८० अंशांत फिरलेली आकृती आहे. एच ही कळ आकृती आडवी उलटवते आणि व्ही उभी; या दोन्ही कळा एकामागोमाग दाबल्या गेल्यास हेच होते.

यानंतर केवळ दृश्य उलटले आहे का, हे पाहावे. २०२० मध्ये आलेल्या इंकस्केप १.० पासून व्ह्यू मेनूमध्ये संपूर्ण कॅनव्हास (चित्र काढायची जागा) उलटा दाखवण्याची सोय आहे. पानावरचे सगळेच उलटे दिसत असेल, तर तिथली फ्लिपची खूण काढावी. फाइलमधील आकृती अशा वेळी सरळच असते.

एच दाबल्यावर आकृती उलटून भलतीकडे उडी मारते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. निवडलेल्या आकृतीवर दुसऱ्यांदा क्लिक केले की कोपऱ्यांवर फिरवण्याचे वक्र बाण आणि मध्ये एक छोटी फुली दिसते. या स्थितीत आकृती त्या फुलीभोवती उलटते. फुली पूर्वी कधी सरकवली गेली असेल, तर शिफ्ट दाबून तिच्यावर क्लिक करावे, म्हणजे ती पुन्हा मध्यभागी येते. हीच गोष्ट मुद्दाम वापरता येते, आणि माझ्या मते इंकस्केपमधली ही सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे. येवल्याच्या पैठणीवर असतात तसे समोरासमोरचे दोन मोर हवे असतील, तर एका मोराची फुली त्याच्या चोचीपुढे आणून ठेवावी, कंट्रोल-डी दाबून प्रत घ्यावी, प्रतीवर फिरवण्याचे बाण आणि त्याच जागी फुली दिसते याची खात्री करावी आणि एच दाबावे. मापे घेत बसावे लागत नाही.

आकृती उलटली पण तिच्यावरची छटा जागेवरच राहिली, असे झाले तर सिलेक्ट साधनाच्या वरच्या पट्टीत ग्रेडियंट (रंगाची छटा) आकृतीबरोबर हलवण्याचे बटण बंद असते. ते चालू करून मग उलटावे. अर्थात ढोलावर उजेड एकाच बाजूने पडलेला दाखवायचा असेल, तर ते बंद असणेच सोयीचे.

अनेक वस्तू एकदम निवडून उलटल्या की त्यांच्या जागाही अदलाबदल होतात. तसे नको असल्यास एकेक वस्तू निवडून उलटावी.

शंका उरलीच, तर एक्सएमएल एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत, आकृतीचा ट्रान्सफॉर्म (ती कशी सरकली, फिरली वा उलटली याची नोंद) पाहावा. तिथे मॅट्रिक्सचे सहा आकडे असतील, तर पहिल्या व चौथ्याच्या गुणाकारातून दुसऱ्या व तिसऱ्याचा गुणाकार वजा करावा. उत्तर ऋण आले, तर त्या ठिकाणी आरसा लागलेला आहे. आकृती ज्या समूहात (ग्रुपमध्ये) आहे त्यावरही असाच ट्रान्सफॉर्म असू शकतो, म्हणून तोही तपासावा.

त्या आठ टी-शर्टांचा दोष मात्र यांपैकी कशातही नव्हता. टी-शर्टवर अक्षरे उमटवण्यासाठी वापरतात ते उष्णतेने चिकटणारे विनाईल (प्लास्टिकचा पातळ थर) कटर यंत्रावर चिकट बाजूने कापतात, त्यामुळे मजकूर आरशातला असावाच लागतो. तो मी फाइलमध्ये केला होता आणि कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिररची खूणही चालू राहिली होती. दोनदा उलटल्याने तो विनाईलवर सरळ कापला गेला आणि कापडावर उलटा आला. म्हणून आता मिरर फक्त कटरवर करायचा, फाइल सरळ ठेवायची, आणि काम सुरू करण्याआधी उरलेल्या तुकड्यावर एकटा ‘ग’ कापून पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. विनाईलवर काना डावीकडे दिसला, की विनाईल कापडावर चिकटवणारी प्रेस तापवायला घेतो.