बर्नुली म्हणजे नेमके कोणते? या चुका टाळा

बारावीच्या गणितात नाणेफेकीच्या चाचण्या बर्नुलीच्या आणि भौतिकशास्त्रात नळीतल्या पाण्याचं समीकरणही बर्नुलीचंच. त्यामुळे दोन्हीकडे माणूस एकच, असं मुलं धरून चालतात. नोट्स काढताना मीही एकदा संभाव्यतेच्या पानावर डॅनिएलचं चित्र चिकटवलं होतं.

बर्नुली हे गणितज्ञांचं अख्खं घराणं. चाचण्या याकोबच्या (१६५५–१७०५), पाणी त्याच्या पुतण्याचं, डॅनिएलचं (१७००–१७८२). काका गेला तेव्हा पुतण्या जेमतेम पाच वर्षांचा. नुसतं ‘बर्नुलीचं समीकरण’ शोधलंत तर आणखी एक घोळ होतो: त्याच नावाचं एक विकलक समीकरणही आहे, आणि ते याकोबचं.

सनावरून माणूस ओळखायला जाल तर तिथेही फसाल. याकोबचं संभाव्यतेवरचं पुस्तक ‘आर्स कंजेक्टँडी’ छापून आलं १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याच्या धाकट्या भावानं, योहाननं, म्हणजे डॅनिएलच्या वडिलांनी, तर कहरच केला. मुलाचं ‘हायड्रोडायनामिका’ हे पुस्तक १७३८ चं. योहाननं आपल्या ‘हायड्रॉलिका’वर १७३२ घातलं, आपण आधी लिहिलं असं दिसावं म्हणून! पोटच्या पोराशी अशी चढाओढ. मुखपृष्ठावरचा आकडा पाहून बापाला श्रेय देऊ नका.

निकोलाउसही दोन. सेंट पीटर्सबर्ग विरोधाभासाचा प्रश्न (जुगारातलं एक कोडं: सरासरी प्राप्ती अनंत, तरी कुणी मोठी रक्कम लावत नाही) मांडला डॅनिएलच्या चुलतभावानं, निकोलाउसनं, १७१३ च्या पत्रात. डॅनिएलचा सख्खा भाऊ निकोलाउस १७२६ मध्ये पीटर्सबर्गलाच वारला, म्हणून तो प्रश्न हमखास त्याच्या नावावर खपतो. खरं तर प्रश्नाला शहराचं नाव मिळालं ते डॅनिएलचा लेख तिथल्या अकादमीच्या अंकात आला म्हणून.

जाक आणि जेम्स म्हणजे याकोबच. जाँ आणि जॉन म्हणजे योहान. वंशावळीत ही माणसं वेगळी मोजू नका.

याकोबच्या थडग्याचा फोटो ‘लॉगरिदमिक सर्पिल’ म्हणून वापरण्याआधी वेढ्यांमधली अंतरं मोजा. त्याला तेच सर्पिल हवं होतं. त्यात प्रत्येक वेढ्यागणिक अंतर ठरावीक पटीनं वाढत जातं. बाझेलच्या कॅथेड्रलमधल्या त्या दगडावर मात्र अंतरं सारखीच आहेत. पाथरवटानं आर्किमिडीजचं सर्पिल कोरून ठेवलंय.