मुंबई पोलीस शिपाई भरती: पळायच्या आधी फाइल लावा

मुंबई शहर पोलीस दलातून सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि विट्याजवळ गावी आलो. पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीची पोरं-पोरी सराव करतात, त्यांच्यासोबत मी उभा असतो. जो तो विचारतो, "अण्णा, सोळाशे मीटर किती मिनिटांत बसवायचं?" त्यांना मी आधी विचारतो, फाइल तयार आहे का? चांगली पळणारी पोरं कागदावरून मागं राहिलेली मी पाहिलीत, आणि ते बघवत नाही.

शिपाई पदाला बारावी पास लागते. वय खुल्या प्रवर्गाला 18 ते 28, मागास प्रवर्गाला 33 पर्यंत. उंची मुलांना 165 सेंटीमीटर, मुलींना 155. मुलांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेंटीमीटर जास्त भरली पाहिजे. हे घरी टेपनं मोजून घ्या आणि मगच पुढचं बघा.

आता फाइल. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), नाहीतर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला). होमगार्ड, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, खेळाडू, पोलीस पाल्य, अनाथ यांपैकी काही लागू असेल तर त्याचा दाखला. हे समांतर आरक्षण फॉर्म भरतानाच मागावं लागतं, निकाल लागल्यावर कोणी विचारत नाही. खेळाचं प्रमाणपत्र असेल तर त्याची पडताळणीही करून घ्या, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो तारखेचा. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत निघालेला असावा लागतो. आमच्या मैदानावरच्या एका मुलीचं नॉन-क्रिमीलेअर त्या तारखेनंतर हातात पडलं. ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, तिला चांगले गुण होते, पण प्रवर्गाचा लाभ गेला आणि खुल्या यादीत ती थोडक्यात राहिली. जाहिरात आली की सेतू केंद्रावर झुंबड उडते, आणि जात पडताळणीला तर महिने जातात. म्हणून जाहिरातीची वाट न बघता आजच अर्ज टाका. लग्न झालेल्या मुलींनी ध्यानात ठेवा, जातीचा दाखला माहेरच्या, वडिलांकडच्या पुराव्यावर निघतो. नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र फाइलला लावा. दहावीच्या गुणपत्रकावर नाव जसं आहे, फॉर्मवर अक्षरन् अक्षर तसंच भरा.

फॉर्म ऑनलाइन असतो. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. घटक म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशी आयुक्तालयं किंवा जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. दोन ठिकाणी दोन ईमेलवरून फॉर्म टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, उमेदवारी रद्द होते. चालक आणि शिपाई ही वेगळी पदं आहेत, तिथं वेगळे अर्ज चालतात.

मुंबईत जागा जास्त, म्हणून मुंबई टाकणारे पुष्कळ. टाका, पण घरात बसून नीट बोला. भरती ज्या घटकात झाली तिथंच नोकरीची वर्षं निघतात, आपल्या जिल्ह्यात बदली सहज मिळत नाही. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर तुम्ही बंदोबस्ताला असाल आणि गावच्या जत्रेला नसाल. मला ते शहर आवडलं, तिथल्या माणसांनी मला पोटाशी धरलं. तरीही घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

ग्राउंड 50 गुणांचं. मुलांना 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. 50 पैकी निदान 25 मिळाले पाहिजेत, आणि त्यातून प्रवर्गानुसार एका जागेमागे दहा जणांना लेखीला बोलावतात. 2022 पासून ग्राउंड आधी आणि लेखी नंतर असा क्रम आहे.

सोळाशेला पैकीच्या पैकी गुण 5 मिनिटं 10 सेकंदांत. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पोरं पहिली फेरी पासष्टमध्ये काढतात आणि तिसरीला पाय दगड होतात. घड्याळ लावून पहिली फेरी मुद्दाम रोखून पळायची सवय करा. मुलींना 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, म्हणजे फेरीला 85.

गोळ्याकडं मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, 8.50 मीटरला 15 गुण. मुलींचा 4 किलोचा, 6 मीटरला 15. शाळेतल्या हलक्या गोळ्यावर सराव करून गेलात तर मैदानावर हात गडबडतो, भरतीच्या वजनाचाच गोळा घ्या. तो तळहातावर नको, बोटांच्या मुळाशी धरा आणि जबड्याखाली मानेला टेकवा. कोपर वर. गुडघा वाकवून मागच्या पायातून जोर उचला, कंबर फिरवा, हात शेवटी सरळ करा. गोळा ढकलायचा असतो, चेंडूसारखा फेकला की खांदा जातो. टाकल्यावर रिंगणाच्या पुढं पाय पडला की फाऊल. अंतर कितीही गेलं तरी ते धरत नाहीत, म्हणून मागच्या अर्ध्यातूनच बाहेर यायचं.

गुण वाढवायला इंजेक्शन, गोळ्या घेऊ नका. 2023 मध्ये मुंबईत आणि 2024 मध्ये नवी मुंबईत भरतीला धावताना पोरांचे जीव गेलेत. तिथली दमट हवा आपल्याकडच्या पोरांना सोसत नाही, दोन दिवस आधी जा. रात्र फुटपाथवर काढू नका, पाहुण्यांकडं नाहीतर धर्मशाळेत सोय बघा. छातीत कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली की थांबा. मैदानावर गुण लिहिलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. हरकत असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला त्याच वेळी सांगा, घरी गेल्यावर काही होत नाही.

लेखी 100 गुणांची, 90 मिनिटांची. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. किमान 40 टक्के लागतात, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडू नका. मेरिट 150 वर लागतं आणि त्यातले 100 लेखीचे असतात, तरी पोरं दिवसभर मैदानावर आणि पुस्तकाला रात्री अर्धा तास. हे उलटं करा. पहाटे दोन तास ग्राउंड, बाकीचा दिवस गणित आणि बुद्धिमत्ता. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा.

निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात, विचारतात, गुन्हा दाखल आहे का. गावच्या भांडणातली जुनी केस असेल, मिटली असेल, तरी लिहा. लपवलेली केस पुढं सापडली की लागलेली नोकरी जाते. आणि "साहेब ओळखीचे आहेत, इतके द्या" म्हणणारा दारात आला तर त्याला उभंच करू नका. त्याच पैशातून गोळा आणि स्टॉपवॉच आणा.