ऑफिसात डिसॅबिलिटी सिम्युलेशन वर्कशॉप घ्यायचंय? मग डोळ्यावरची पट्टी आधी बाजूला ठेवा

३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की बऱ्याच ऑफिसांत एक वर्कशॉप ठरतं. डोळ्याला पट्टी बांधून कॅन्टीनपर्यंत चाला, कानात बोळे घाला, व्हीलचेअरवर बसून फोटो काढा. मी पण पहिल्यांदा असंच घेतलं होतं. सगळे भिंत धरून धरून चालले, दोघंतिघं धडपडले आणि शेवटी एकीने डोळे पुसत सांगितलं की देवाने आपल्याला डोळे दिलेत ही केवढी कृपा. तिच्या बाजूच्याच खुर्चीत आमचा एक सहकारी बसला होता, जन्मापासून न दिसणारा, रोज दोन बस बदलून वेळेवर येणारा. तो काहीच बोलला नाही. मला ते अजून आठवतं.

अमेरिकेत एरिएल सिल्व्हरमन नावाच्या संशोधिकेने (त्या स्वतः दृष्टिहीन आहेत) आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं, की पट्टी बांधून बघितलेल्या लोकांना उलट दृष्टिहीन माणूस नोकरीला आणि एकटं राहायला कमी सक्षम वाटायला लागतो. कारण दहा मिनिटांच्या पट्टीत तुम्हाला नवशिक्याचा पहिला दिवस कळतो फक्त, काठीचा सराव, कानाची तयारी, वर्षानुवर्षं बसवलेल्या युक्त्या यातलं काहीच नाही, आणि मग उरते ती दया.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नक्कल अपंगत्वाची करू नका, आपल्या ऑफिसमुळे काम कुठे अडतं ते अनुभवायला लावा. आणि वर्कशॉप घेणारी व्यक्ती स्वतः अपंग असू दे, तिला रीतसर मानधन द्या. आपल्याच टीममधल्या कोणाला "तुझी स्टोरी सांग ना" म्हणून उभं करू नका, त्याने आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी.

पहिला प्रयोग मी नेहमी आवाज बंद करून घेते. पाच-सहा जणांचा गट, व्हिडिओ कॉल, एकाचा स्पीकर पूर्ण म्यूट आणि बाकीच्यांनी नेहमीसारखी मीटिंग करायची, उद्याची डेडलाईन ठरवायची. ओठ वाचून समजेल असं सगळ्यांना वाटतं, पण पाय, बाय आणि माय हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात, आरशात बोलून बघा. त्यात कोणी चहा पिताना बोलतो, कोणी मान खाली घालून लॅपटॉपकडे बघत, दोघं एकदम बोलतात, मध्येच सगळे हसतात आणि म्यूटवाल्याने काय झालं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही रे, नंतर सांगतो." हे "नंतर सांगतो" फळ्यावर लिहून ठेवा. ऐकू न येणाऱ्या माणसाने ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, म्हणजे बघितलेलं, वाक्य हेच असेल.

दुसरा प्रयोग कॉम्प्युटरवर. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, तो टाकून मॉनिटर बंद करा आणि आपल्याच एचआरचा सुट्ट्यांचा मेल उघडा. रंगीत पोस्टर असेल तर तो नुसतं "ग्राफिक" म्हणून पुढे जातो, स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर त्यात वाचायला मजकूरच नसतो. मग तोच मजकूर साधा टाईप करून पाठवा, लगेच चालतो. आता महत्त्वाचं, यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला पुढे बसवून त्याच्या नेहमीच्या स्पीडने काम करू द्या. तो आवाज इतका भरभर असतो की आपल्याला एक शब्द कळत नाही आणि तो मात्र मेलला उत्तर देऊन मोकळा. अडचण डोळ्यांची नव्हती, पोस्टरची होती, हे तेव्हा डोक्यात बसतं.

व्हीलचेअरवर कोणाला बसवू नका, त्याऐवजी मेजरिंग टेप द्या. एक फूट उंचीला रॅम्प किमान बारा फूट लांब लागतो, दरवाजा ९०० मिलिमीटर रुंद, मोजून या म्हणावं.

निम्मा वेळ चर्चेला ठेवा. "कसं वाटलं?" विचारू नका, त्यावर "बिच्चारे" नाहीतर "किती ग्रेट लोक" येतं, दोन्ही नकोत. विचारा, कोणाच्या कुठल्या सवयीमुळे अडलं? मग मीटिंगचे नियम तिथेच लिहा: आधी नाव सांगून बोलायचं, एका वेळी एकानेच, कॅप्शन चालू, अजेंडा आदल्या दिवशी टाईप करून, साईन लँग्वेजचा दुभाषा असला तरी बघायचं त्या सहकाऱ्याकडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, डिस्लेक्सिया, मानसिक आजार पण त्यात येतात, म्हणजे शेजारच्या डेस्कवर कोणाला काय त्रास आहे ते दिसेलच असं नाही, त्यामुळे हे नियम सगळ्यांसाठीच ठेवा. मेमरी कमी पडणाऱ्या माझ्यासारखीलाही लेखी अजेंडाचा फार उपयोग झाला.

सापडलेल्या अडचणींची यादी करा, प्रत्येकीपुढे ती सोडवणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, महिन्याने परत फिरून बघा. आमच्याकडे टेप घेऊन गेलेल्या गटाला अपंगांसाठीच्या टॉयलेटमध्ये झाडू, बादल्या आणि एक मोडका प्रिंटर सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते सगळं बाहेर निघालं.