५-एचएमसी डायने ओळखताना या चुका टाळा

डीएनएचे नेहमीचे बेस स्वतःहून जवळपास चमकतच नाहीत. सायटोसिन या बेसचं बदललेलं रूप असलेलं ५-हायड्रॉक्सिमिथाइलसायटोसिन, म्हणजे ५-एचएमसीसुद्धा नाही. म्हणून टी४ फाज या जिवाणूंच्या विषाणूच्या ग्लुकोसिल-ट्रान्सफरेज एन्झाइमने त्याच्यावर अझाइडवालं ग्लुकोज बसवायचं आणि त्या अझाइडला डीबीसीओवाला (अझाइडला पकडणाऱ्या रासायनिक गटाचा) चमकणारा डाय जोडायचा. दिसतो तो डाय, बेस नव्हे. बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

माझे तीन आठवडे एका बाटलीने खाल्ले. सिग्नल येईना म्हणून एन्झाइम बदललं, डाय नवा मागवला. शेवटी डीएनए ज्या बफरमध्ये विरघळवत होते ती बाटली फिरवून पाहिली. मागे बारीक अक्षरात: सोडियम अझाइड ०.०२%. बुरशी धरू नये म्हणून घातलेलं. हे जवळपास ३ मिलिमोलर होतं, आणि माझा डाय होता ०.१ मिलिमोलर! डीबीसीओला साखरेवरचं अझाइड आणि बफरमधलं अझाइड यांत फरक कळत नाही. सगळा डाय तिथेच संपत होता. डीटीटी हे थायॉलवालं रसायनही तसंच घातक, कारण थायॉल डीबीसीओला चिकटतात. टीसीईपी हे दुसरं रिड्यूसिंग रसायन तर अझाइडच मोडतं. म्हणून एन्झाइमनंतर डीएनए कॉलमवर धुवा आणि साध्या ट्रिस बफरमध्ये काढा.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून टी४ फाजचा डीएनए घ्यायचा मोह होतो, कारण त्यातलं सायटोसिन हायड्रॉक्सिमिथाइल असतं. पण साध्या टी४मध्ये त्यावर आधीच ग्लुकोज बसलेलं असतं, एन्झाइमला जागाच उरत नाही. हायड्रॉक्सिमिथाइल-डीसीटीपी घालून पीसीआरने तुकडा बनवा, किंवा उंदराच्या मेंदूचा डीएनए घ्या. कॅन्सर पेशींच्या कल्चरमध्ये ५-एचएमसी फारच कमी असतं. तिथे अंधार दिसला म्हणून प्रोटोकॉलला दोष देऊ नका.

अँटिबॉडीने मिथाइलसायटोसिन (सायटोसिनचं दुसरं बदललेलं रूप) पाहत असाल तर आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) चुकवू नका, आरएनएमध्येही ते असतं. आम्लाने डीएनएचे धागे सुटे केल्यावर डॅपी (डीएनए दाखवणारं रंगद्रव्य) फिकं पडतं, ते दुहेरी डीएनएला धरतं म्हणून. पेशी गेल्या असं समजू नका.

प्रत्येक वेळी एक नळी एन्झाइमशिवाय चालवा, बाकी सगळं तेच. ती चमकली तर सुटा डाय राहिलाय, पुन्हा धुवा. डाय साय-५ असेल तर ६५० आणि २६० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर दोन्ही नळ्यांसाठी काढून वहीत शेजारीशेजारी लिहा. जेलचा फोटो त्यानंतर.