आई जिन्यात किल्ली शोधायची

दर मजल्यावर आई थांबायची. एक हात कठड्यावर, दुसरा पर्समध्ये. किल्ली सापडत नाही म्हणायची. मी स्वतः हॉस्पिटलात सिस्टर, तरी माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले की किल्ली तिच्या मुठीतच असते आणि ती दम खात असते. त्या दिवसांत जबडा दुखतो म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती, मळमळतं म्हणून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. हार्ट अटॅक आला तेव्हाही छातीत कळ नव्हती. ती वाचली.

हार्ट अटॅकमध्ये छातीत दाब किंवा जडपणा हे लक्षण बायकांमध्येही सगळ्यात जास्त दिसतं. पण त्याच्या जोडीला, कधी त्याच्याऐवजी, पाठ, खांदा, मान किंवा जबडा दुखतो, धाप लागते, मळमळतं, दरदरून घाम येतो, झोपूनही थकवा जात नाही. यातलं आपलं काय, हे ओळखायचं तर महिनाभरापूर्वीची तुम्ही आठवा. डॉक्टरांना नुसतं "थकवा येतो" सांगू नका. "महिन्यापूर्वी दोन जिने न थांबता चढायचे, आता एकातच थांबते, बसलं की बरं वाटतं" असं सांगा. थकव्याची शंभर कारणं असतात. चढताना येणारा आणि बसल्यावर ओसरणारा त्रास ऐकला की डॉक्टरांचं लक्ष हृदयाकडे जातं.

असा त्रास अचानक सुरू झाला आणि पाच मिनिटांत ओसरला नाही, तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवू नका. आणि कृपा करून आधी भांडी आवरत बसू नका. घर आवरून, मुलांचं बघून मग आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्या तासाभरात हृदयाचा स्नायू मरत असतो. कॅज्युअल्टीत पहिलंच वाक्य असं बोला: "मला हार्टचा त्रास वाटतोय, अमुक वाजता सुरू झाला." पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो नॉर्मल आला तरी लगेच उठून जाऊ नका. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण ते वाढायला वेळ लागतो, म्हणून ती तपासणी काही तासांनी पुन्हा करतात.

आता बाळंतपणाची जुनी फाइल शोधा. गरोदरपणात बीपी वाढलं होतं? शुगर निघाली होती? पाळी वयाच्या 40 च्या आत गेली? या प्रत्येकाने पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. माझ्या वेळी आईचं बीपी खूप वाढलं होतं, पण नंतर तिला ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तुम्ही विचारायची वाट बघू नका.

तंबाखू कुठल्याही रूपात बंद. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं. कोलेस्टेरॉल आणि शुगर डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायची.

बीपी मात्र घरी नीट मोजायला शिका. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. चहा-कॉफी अर्धा तास आधीपासून नको. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. आकडे वारंवार 135/85 च्या वर जात असतील, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.