जास्वंद चौकटीत बसली

नणंदेच्या डोहाळजेवणाला हातानं फुलीच्या टाक्यात (क्रॉस स्टिच) भरलेलं कार्ड द्यायचं ठरवलं. अंबाबाईला वाहतात ती लाल जास्वंद ग्राफ पेपरवर काढली, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून मॅटी, म्हणजे विणीत चौकोनी घरं दिसणारं भरतकामाचं कापड, आणली आणि चार संध्याकाळी भरत बसले. कार्डाला कापलेल्या खिडकीमागे धरलं, तर दोन पाकळ्या कापल्या गेल्या. फार वाईट वाटलं.

चूक मोजण्यात होती. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे एक फुली; तिचा आकार कापडाच्या विणीवर ठरतो, कागदावर नाही. आता मी आधी कापडावर पट्टी ठेवून इंचात किती घरं येतात ते मोजते. १४ आली, तर अडीच बाय साडेतीन इंचाच्या खिडकीत ३५ बाय ४९ फुल्या बसतात. चारही बाजूंनी तीन-तीन सोडल्या की फुलाला २९ बाय ४३ उरतात. तेवढी चौकट आधी आखायची, मगच फूल.

दुसरी अडचण पाकळ्यांच्या कडांची, त्या जिन्यासारख्या दिसत. तिथं पाऊण फुली घेतली, म्हणजे एक तिरका टाका पूर्ण आणि दुसरा अर्धाच. लाल रंगाच्या तीन छटा पुरल्या. पाचव्या-सहाव्या छटेनं एवढंसं फूल गढूळ होतं. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर फुलीला, एकच पदर कडेची रेघ काढणाऱ्या उलट्या टाक्याला (बॅकस्टिच). जास्वंदीचा लांब केसर तर त्या एका पदरानंच जिवंत झाला!

चिकटवायला दुतर्फी टेप घेतली. पातळ गोंदानं कागद फुगतो.