ऑफिसच्या प्रॉक्सीमागून उबुंटूवर सॉफ्टवेअर कसं बसवायचं

मुंबईत सीप्झ असो वा बीकेसी, बऱ्याच ऑफिसांचं नेटवर्क प्रॉक्सीमागे असतं, म्हणजे इंटरनेटला जाणारी मागणी मधल्या एका सर्व्हरमार्फत जाते. ब्राउझर मजेत चालतो, पण टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी अपडेट’ दिलं (एपीटी हे उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) की गाडी शून्य टक्क्यावर अडते आणि शेवटी टाइमआउट. अशा वेळी ‘उबुंटू पुन्हा टाक’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. मशीन ठणठणीत असतं, फक्त एपीटीला बाहेर पडायची वाट ठाऊक नसते.

प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट आयटीवाल्यांकडून घ्या. त्यांनी ‘पॅक’ फाइलची (प्रॉक्सी आपोआप निवडून देणाऱ्या स्क्रिप्टची) लिंक दिली तर थेट पत्ताच मागा. ती फाइल ब्राउझरला कळते, एपीटीला नाही.

आता खरी मेख. मीही इथेच सर्वात जास्त झगडलो. जो तो सांगतो, ‘एक्स्पोर्ट’ करून एचटीटीपी प्रॉक्सीचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधल्या प्रोग्रॅम्सना मिळणारं सेटिंग) भर. ते भरलं की डाउनलोड करणारं कर्ल चालतं, विगेट चालतं, एपीटी मात्र ढिम्म. कारण सुडो. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून कमांड चालवताना तो तुमची बहुतेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स गाळून टाकतो, तेही सुरक्षेसाठी मुद्दाम. ‘सुडो एन्व्ह’ चालवून बघा, प्रॉक्सीची ओळ त्यात दिसणार नाही. सुडोच्या बऱ्याच आवृत्त्यांत कॅपिटल ‘ई’चा पर्याय जोडला तर काम होतं, पण तो दर वेळी आठवणीनं द्यावा लागतो आणि आपोआप होणाऱ्या अपडेट्सना त्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून सेटिंग एपीटीच्याच घरात ठेवा. ‘ईटीसी’मधल्या ‘एपीटी’ फोल्डरात ‘एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी’ नावाची डिरेक्टरी असते. तिथे ‘९५प्रॉक्सी’ अशी नवी फाइल करून दोन ओळी लिहा: एक एचटीटीपीच्या प्रॉक्सीची, दुसरी एचटीटीपीएसच्या. पत्ता दुहेरी अवतरणात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम. तो राहिला तर एपीटी सिंटॅक्स एरर देऊन थांबतं. दुसऱ्या ओळीतही पत्त्याची सुरुवात बहुधा साध्या ‘एचटीटीपी’नेच करायची असते, कारण तिथे प्रॉक्सीशी कसं बोलायचं ते सांगायचं असतं, साइटशी नव्हे. उगाच ‘एस’ जोडू नका. मग ‘एपीटी-कॉन्फिग डंप’ चालवून दोन्ही ओळी दिसतात ना, ते पाहा.

४०७ एरर आला तर प्रॉक्सी सापडला आहे, लॉगिन अडलंय. मग प्रॉक्सीच्या पत्त्याआधी युजरनेम आणि पासवर्डही लिहा. पासवर्डात ‘@’ असेल तर त्याजागी ‘%४०’ लिहा, ‘#’ असेल तर ‘%२३’. तसाच ‘@’ ठेवलात तर पासवर्ड कुठे संपला आणि पत्ता कुठे सुरू झाला, यात गोंधळ होतो.

पिप (पायथनसाठी), एनपीएम (जावास्क्रिप्टसाठी) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) यांना आपापली प्रॉक्सी सेटिंग्ज असतात, तीही भरा. त्यांनी सर्टिफिकेटची तक्रार केली तर तपासणी बंद करायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो पाळू नका. त्यानं समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे कळायची सोयच जाते. आयटीकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागून सिस्टिममध्ये नोंदवा. एनपीएमला आणि पिपच्या जुन्या आवृत्त्यांना त्या सर्टिफिकेटचा पाथ वेगळा द्यावा लागतो.

लॅपटॉप संध्याकाळी डोंबिवलीला घरी आला की एपीटी पुन्हा अडेल, कारण ऑफिसचा प्रॉक्सी घरच्या वायफायवरून सापडत नाही. फाइल पुसू नका, तिच्या नावाला ‘डॉट डिसेबल्ड’ जोडा. अशा फाइलकडे एपीटी मुकाट्यानं दुर्लक्ष करतं. ऑफिसात गेल्यावर नाव पूर्ववत करा.